तेरावं नाणं

लग्नात नवऱ्याने ओंजळीत घातलेली चांदीची तेरा नाणी विकायला एउलालियाबाई ग्वादालाहाराच्या बाजारात माझ्या दुकानी आल्या.

"बारा अगदी टाकसाळीतून निघाल्यासारखी आहेत," भिंग खाली ठेवत मी म्हटलं. "तेरावं मात्र झिजलंय, त्याचा दर्जा फार खालचा लागेल."

"ते नाणं माझा नवरा हिलारियो उत्तरेला कामाला जाताना घेऊन गेला होता. तिकडेच वारला. गेल्या वर्षी नुसतं सामान आलं, त्यात हे होतं. गावात म्हणतात, त्याने तिकडे दुसरा संसार थाटला. हे पेटीच्या तळाशीच पडून असेल ना?"

"नाही हो. पेटीतलं नाणं काळं पडतं, झिजत नाही. बाजारात फिरलेलं चहूबाजूंनी झिजतं. याच्या कडेच्या रेघा बघा, शाबूत आहेत. मागची बाजूही. फक्त चेहरा पुसलाय. यावर वर्षानुवर्षं कुणाचा तरी अंगठा फिरत होता."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"देव तुमचं भलं करो, डॉन रामिरो. आज चर्चमध्ये त्याच्या नावाची प्रार्थना करायला सांगते. अजून सांगितलीच नव्हती."