एनिडची प्रार्थना

"हा चहा म्हणायचा की बाप्तिस्म्याचं पाणी?" बेरिल एनिडच्या कानाशी कुरकुरली.

एनिडनं हसू दाबलं. चहा मेव्हिसनं केला होता, आणि चहाच्या पुडीला मेव्हिसचा हात कायम आखडता. आज चॅपलचा शेवटचा रविवार. उद्या दाराला कुलूप. उरलेली पूड ती कुणासाठी राखत होती, देव जाणे.

प्रार्थना आटोपून मंडळी मागच्या खोलीत आली होती, पण धड बसत कुणी नव्हतं. कुणी कोरड्या बशा पुन्हा पुसत होतं, कुणी खिडकी उघडे, कुणी लगेच ती लावी. बाकांवर नव्या मालकांच्या नावाच्या चिठ्ठ्या लागल्या होत्या, त्यामुळे मघाशी प्रार्थनेलाही माणसं परक्याच्या घरात बसावं तशी काठावर टेकली होती. गावात पूर्वी तीन चॅपलं होती, चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथाची साधी प्रार्थनाघरं. एकात आता गालिचे विकतात, दुसऱ्यात एक दंतवैद्य राहतो. टेकडीवरचं दगडी चर्च मात्र आठशे वर्षं जागचं हललेलं नाही, आणि चर्चवाल्यांना त्याचा असा अभिमान, जणू दगड त्यांनीच डोक्यावरून वाहिले.

एनिडचा नवरा क्लिफर्ड चर्चवाला. लग्न झाल्यापासून दर रविवारी दोघं हातात हात घालून खाटकाच्या कोपऱ्यापर्यंत येत. तिथून तो वर टेकडीकडे जाई, ती खाली चॅपलकडे. आज पहिल्यांदाच तो तिच्याबरोबर खाली आला होता. आणि मघाशी प्रार्थना सुरू होताच चर्चच्या सवयीनं गुडघ्यांवर बसला, सबंध चॅपलमध्ये एकटाच. चॅपलवाले गुडघे टेकत नाहीत, बसल्या जागी पुढे झुकतात. त्यामुळे खाली उशीही नव्हती. उघड्या फळ्यांवर त्याचे गुडघे असे आदळले की पुढच्या बाकावरच्या दोघी दचकून मागे वळल्या.

मग एनिड उभी राहिली. इथे चर्चसारखं पुस्तकात बघून प्रार्थना वाचत नाहीत. ज्याला जे म्हणायचं, ते तो आपल्या शब्दांत म्हणतो, आणि बहुतेक रविवारी ते एनिडच म्हणायची. आज तिनं देवाला चांगलंच फैलावर घेतलं. आमचे आजे-पणजे दिवसभर गिरणीत राबून रात्री या विटा रचायला यायचे, ते तू पाहिलंस, म्हणाली. आमची माणसं एकेक करून नेलीस, तेव्हाही आम्ही इथेच येऊन तुझ्याशी भांडलो. मग आता छप्पर गळायला लागल्यावर तुझ्याकडे चार कौलंही निघाली नाहीत होय? कुणीतरी खुदकन हसलं. कुणी नाक पुसलं. शेवटी तिचा आवाज खाली आला आणि आजवर ऐकून घेतलंस म्हणून तिनं त्याचे आभार मानले.

क्लिफर्ड अजून गुडघ्यांवरच होता. डोळे मिटलेले नव्हते. एखाद्या अनोळखी बाईकडे पाहावं तसा तो बायकोकडे पाहत होता.

चहाच्या वेळी मात्र गाडी रुळावर आली. मेव्हिसनं एनिडला केक हवा का विचारलं, तर तिला मनुका सोसत नाहीत असं क्लिफर्डनं सांगून टाकलं. साखर किती, तेही त्यानंच सांगितलं. त्यात दुष्टपणा नव्हता. तिनं तोंड उघडायच्या आत उत्तर देणं म्हणजे बायकोची काळजी घेणं, असं त्याला मनापासून वाटायचं. बेरिलनं नुसतं छताकडे पाहिलं.

चर्चच्या पाद्रीणबाई मुद्दाम टेकडी उतरून आल्या होत्या. पुढच्या रविवारी क्लिफर्डशेजारची जागा एनिडसाठी राखलीच आहे, म्हणाल्या. गुडघ्यांखाली घ्यायला निळ्या लोकरीची उशीही बायकांनी विणून ठेवली आहे, तिचं नाव भरून. एनिडनं आभार मानले आणि ती कप ठेवायला जागा शोधू लागली.

"बरंच झालं," मेव्हिस म्हणाली. "एवढी वर्षं नवरा एकीकडे, बायको एकीकडे. आता शेजारी तरी बसाल."

"आणि तू गं?" बेरिलनं टोचलं.

"मी जाईन की बसनं, शेजारच्या गावच्या चॅपलात."

"रविवारी बस नसते."

"माहितेय मला," मेव्हिस म्हणाली आणि किटलीत आणखी पाणी ओतलं.

पाद्रीणबाईंनी मग एनिडला कामं सुचवली. फुलं मांडता येतील. किंवा महिन्यातून एकदा बायबलमधला उतारा वाचायला घेता येईल. "आवाज इतका छान आहे तुमचा."

"उतारा," एनिड म्हणाली.

"हो, कुठला ते आम्ही आधी कळवतो. घरी वाचून बघता येतो."

एनिड मान हलवत राहिली. कुणी म्हणालं, चर्चमध्ये हिवाळ्यात ऊब चांगली असते. कुणाला तिथल्या घंटा फार गोड वाटत होत्या. देव काय, सगळीकडे एकच, असंही एकानं म्हणून पाहिलं. बेरिल टेबलावरचे केकचे कण बोटानं टिपत होती. एनिडकडे सरळ कुणीच बघत नव्हतं.

क्लिफर्ड उठला, बसला, पुन्हा उठला. गुडघा चोळून खिडकीपाशी जाऊन आला.

"मग एनिड, येणार ना?" पाद्रीणबाईंनी विचारलं.

एनिडनं तोंड उघडलं. सवयीनं सगळ्यांनी क्लिफर्डकडे पाहिलं.

"आमच्या चर्चमध्ये हिला बोलायला मिळणार नाही," क्लिफर्ड म्हणाला. मग तो बायकोकडे वळला. "घरी तरी कुठे मिळतं."