पहिलं बाळंतपण माहेरी

"दुखायला लागल्यावर कुठं इंजेक्शन दिलं होतं का हिच्या आईला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

छबुबाईनं नाही म्हणून मान हलवली. समोर काचेच्या पेटीत तिची नात होती. सातवा लागला न लागला तोच बाहेर आलेली, मोसंबीएवढं डोकं, अंगभर वायरी.

"मंग आता द्या की ती सुई."

"लवकर येणाऱ्या बाळाला बळ यावं म्हणून ती बाळ पोटात असताना आईला द्यायची असते, आजी."

बैल गेला आणि झोपा केला, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. बाई भली होती.

"जन्म कुठं झाला?"

"जीपमधी. शिरूरच्या अलीकडं, माळावर."

"आणि निघाला होतात कुठून?"

"कारखान्याच्या तळावरनं," छबुबाईचा मुलगा शहादेव म्हणाला. तो फडातून तसाच आला होता, सदऱ्याला पाचटाची कुसळं. दुष्काळानं उभा ऊस वाळत चाललेला, सहकारी कारखान्याला तोडीची घाई, म्हणून बायकोला आईच्या हवाली करून तो मागं राहिला होता. "पोट दुखतंय म्हनून हिकडं दवाखान्यातच निघालत्या, मॅडम."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "शिरूर तर इथून पुढं आहे."

छबुबाईच्या तोंडचं पाणी पळालं. मुलाकडं न बघता ती म्हणाली, "पैलं बाळंतपन माहेरी असतंय. कौसाचं माहेर शिरूरला. वाटलं, पोचू."

"आय, फोनवर तर दवाखान्यात नेते म्हनलतीस."

"ह्याच रस्त्यानं गेलो रं. ह्याच दवाखान्याच्या फाटकासमोर जीप थांबली बी होती. पान्याचा टँकर आडवा आलता. कौसा म्हनली, आत्या, हितंच उतरू. म्या म्हनलं, दम धर. हितं बाळंत झालीस तर तुज्या माहेरचे म्हनतील, पोरीला आमचा उंबरा दिसू दिला न्हाई."

शहादेव सदऱ्याची कुसळं उपटू लागला. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी पेटीत हात घालून सोनोग्राफीच्या मशीनची दांडी बाळाच्या टाळूवर हलकेच टेकवली. छबुबाईनं आजवर भावकीतल्या कितीतरी पोरांची टाळू तेलानं भरली होती. तिथून आत बघता येतं, हे तिला आज कळत होतं. पडद्यावर करड्या सावल्या हलल्या.

"हे पांढरं दिसतंय ना, ते रक्त आहे. मेंदूत रक्तस्राव झालाय."

"जीपच्या हादऱ्यानं?"

"एकट्या हादऱ्यानं नाही. बाळ फार लवकर आलं. वजन नाही, आईला सुई मिळाली नाही, जन्मल्यावर अंग गार पडलं, वर माळावरून इथवर परत एवढा रस्ता. सगळ्यांनी मिळून होतं हे."

"हितं उतरलो असतो तर झालं नसतं?"

"सांगता येत नाही, आजी. धोका कमी झाला असता. पण इथं जन्मलेल्या बाळांनाही होतं."

हे मात्र छबुबाईला सोसेना. हो म्हणाल्या असत्या तर तिनं तो दोष पदरात घेतला असता. नाही म्हणाल्या असत्या तर सुटली असती. आता ती जीप तिच्या डोळ्यांपुढून हलेना. इंजिन चालू, दार अर्धं उघडं आणि कौसाचा एक पाय खाली टेकलेला.

दुपारच्या एसटीनं कौसाची आई आली. गीताबाई. पोरीला वॉर्डात बघून ती बाळाच्या खोलीच्या काचेशी, छबुबाईशेजारी येऊन उभी राहिली.

"विहीनबाई," ती हळूच म्हणाली, "कशाला वो निघालतात आमच्याकडं?"

छबुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. गीताबाईच पुढं म्हणाली,

"आमच्याकडं टँकर यायचा बंद झालाय. बाळंतिनीला न्हाऊ घालायला पानी कुठून आनू, ह्या घोरानं मला झोप न्हाई. रोज वाटायचं, तुमाला फोन करावा. औंदा नका आनू म्हनावं, दवाखान्यातच होऊ द्या."

"मंग केला का न्हाई?"

"तुमी नावं ठेवताल म्हनून."

छबुबाईनं तिचा हात घट्ट धरला. दोघींचा हंबरडा फुटणार, एवढ्यात आतून नर्स धावत आली.

"आवाज नका करू. बाळ दचकतं, डोक्यावर ताण येतो त्याच्या."

दोघींनी पदराचे बोळे तोंडात कोंबले आणि तशाच काचेला टेकून उभ्या राहिल्या.