काचेवरचा फराटा

तुम्ही काच तपासलीत, मालक. डोळे तपासले नाहीत. नवी बस, जत्रेचा दिवस, चर्चसमोर आशीर्वादासाठी गाड्यांची रांग, आणि पुढच्या काचेवर डोक्याच्या उंचीला एक फराटा. तेवढ्यावर तुम्ही बासिलियाला तुमच्या गाड्या धुण्याच्या अख्ख्या आवारासमोर आंधळी म्हणून हाकललंत. तुमचं नाव घेत नाही. टिटिकाका सरोवराकाठच्या या कोपाकबानात ते सगळ्यांना माहीत आहे.

काचा पुसाव्यात त्या बासिलियाने. फवारा ती काचेवर मारत नसे, फडक्यावर मारी. आमच्या या उंचीवरच्या उन्हात काचेवरचं पाणी हात पोचायच्या आत वाळतं. एक फडकं ओलं, एक कोरडं, आणि कपडे मऊ करणाऱ्या त्या सुगंधी पाण्यात दोन्ही कधी न बुडवलेली, कारण त्याचा तेलकटपणा काचेवर उतरतो. बाहेरून वर-खाली पुसायचं, आतून आडवं. म्हणजे उभा फराटा बाहेरचा, आडवा आतला, शोधत बसायला नको. ला पाझहून माणसं नवी गाडी मेरीमातेच्या पायाशी आणायची. पाद्री पाणी शिंपडायचा, हे बियर ओतायचे, फुलं उधळायचे. पण त्याआधी काच बासिलियाच्या हातची हवी, हा हट्ट.

तिचा नवरा सेवेरो आवारात खोक्यावर बसलेला असायचा. पूर्वी मिनीबस चालवायचा. झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय काठीच्या आधाराने परतला, हात लोंबतच राहिला. हात चालवायला म्हणून दवाखान्याने रबरी चेंडू दिला होता, तो त्याने कुत्र्याला देऊन टाकला.

"पोरखेळ सगळा," तो म्हणाला.

बासिलियाने फडकं उचललं आणि ती पुढच्या गाडीकडे वळली.

पहिला फराटा त्याला कार्निव्हलच्या सुमारास दिसला. एका टॅक्सीच्या दाराची काच, अगदी खालच्या बाजूला. बासिलिया कमरेवर हात ठेवून समोर उभी होती.

"बघ म्हाताऱ्या. आहे की नाही आरसा?"

सेवेरोने फराट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आहे," तो म्हणाला.

ती पाणी आणायला गेली. तो उठला. डाव्या हातात काठी होती, ती सोडली असती तर पडला असता. म्हणून त्याने फडकं उजव्या मुठीत कोंबलं, खांदा गाडीला टेकवला आणि सगळं अंग ढकलत तो फराटा पुसला. परत खोक्यावर बसला तेव्हा सदरा घामाने भिजला होता.

घरीही तेच. ताटात ट्राउट आला की ती ताट त्याच्या मांडीवर सरकवी.

"एवढ्याशा उजेडात काटे दिसतायत कुणाला? तू काढ."

डाव्या हाताने ताट सावरत तो उजव्या बोटांनी काटे काढायचा. मासा गार व्हायचा. ती तसाच गार खायची.

फराटे वाढत गेले. दाराच्या काचेवरून पुढच्या काचेवर, तिथून मिनीबसच्या काचेवर. आवारात चाकं धुणारी निकोलासा, तिच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"सेवेरो, बायकोला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने."

"हळू बोल. खालचं ती चाचपून पुसते. वरचं दिसेनासं झालंय."

"मग तिला सांग की."

"काच म्हणजे तिची अब्रू आहे. कळलं तर खचेल. मी आहे ना मागून पुसायला."

"तू? मागच्या वर्षी तुला चमचा धरता येत नव्हता."

"तू आपली चाकं बघ."

ऑगस्टच्या जत्रेच्या सकाळी तुमची नवी बस आली. बासिलियाने काच पुसली, शिडीवरून उतरली आणि बादली उचलून नळाकडे वळली. सेवेरो फडकं घेऊन निघालाच होता. तेवढ्यात तुम्ही आलात. बोट वर केलंत.

"हे काय आहे?"

बासिलियाने बादली खाली ठेवली.

"दिसत नाही का तुला?"

तिने तुमच्या खांद्यावरून मागे पाहिलं. तिथे सेवेरो उभा होता, फडकं पाठीशी लपवून.

"नाही," ती म्हणाली. "नाही दिसत."

"मग घरी बस. आंधळ्यांना पोसायला मी आश्रम नाही काढला."

"मालक, मी पुसतो," सेवेरो पुढे झाला. "रोज मीच तर..." आणि थांबला. बायकोसमोर त्याला ते वाक्य पुरं करवेना.

तिचं कोपर धरून तो तिला घरी घेऊन गेला. वाटेत म्हणत होता, दगड आहे, जपून. ती जपून पाय उचलत होती.

दुसऱ्या दिवशी निकोलासा भेटायला गेली. बासिलिया उंबऱ्यात बसली होती. खाली, लांब किनाऱ्यावर, सेवेरो शेजाऱ्याचं जाळं वाळत घालत होता.

"माझा भाऊ ला पाझला जातोय," निकोलासा म्हणाली. "तुला डॉक्टरकडे नेईल. पैशाचं बघू नंतर."

"तुझ्या शालीच्या टाचणीतला खडा पडलाय," बासिलिया म्हणाली. पायरीच्या फटीतून तिने मोहरीएवढा निळा खडा उचलला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

निकोलासा खड्याकडे बघत राहिली.

बासिलियाची नजर किनाऱ्यावर होती. तिथे सेवेरोचा उजवा हात दोरी घेऊन वर चालला होता, कानाच्याही वर.

"म्हणजे ते फराटे..." निकोलासा म्हणाली.

"मागच्या वेळी त्याचा हात जिथवर पोचला, त्याच्या बोटभर वर," बासिलिया म्हणाली. "आणि त्याच्यासमोर तोंड उघडलंस तर याद राख."

त्याच्यासमोर निकोलासाने तोंड उघडलेलं नाही, आमच्यासमोर उघडलं. हात अजून बसच्या टपापर्यंत पोचायचा आहे, मालक. सेवेरोला पत्ता लागू न देता तिला कामावर परत कधी घेताय, ते सांगा.