माळवदावरची टकटक

पाव्हणं, माझ्या थापा जगजाहीर हायत, पण हे खरं असूनबी कुणाला पटायचं न्हाई.

औंदा घराच्या माळवदावर, छत गळू नये म्हून, टाकलेली पांढरी माती किरणोत्सर्गी निघाली. तपासणीला आलेल्या साहेबांनी वर किरणं मोजायचं यंत्र ठेवलं, तर ते दोनदा टकटक करून क्षणभर गप व्हायचं. खाली बायकोची, दानम्माची, नाडी धरली. तीबी तशीच चुकत होती!

अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले, "तिच्या रोजच्या गोळीनं ठोके बिघडलेत, गोळी बंद करा." मी त्याच दिवशी बंद केली. नाडी सुधारली. यंत्र मात्र अजून चुकतंय. ऐका.

आप्पांनी माळवदाकडं बोट दाखवलं तशा पाव्हण्यांनी माना वर केल्या. दानम्मानं चहाचा कप तोंडाला लावला.

"आप्पा, खोटं का म्हून बोलता?" लेक प्रणिता ओरडली. "अव्वाच्या चहात आत्ता तीच गोळी तुमी विरघळवली, म्हून तर यंत्र चुकतंय!"