नं. २१२ बदली गेला

"या नावाचा माणूस नाही," कारकून म्हणाला. सकाळपासून तिसऱ्यांदा.

कंडक्टरबाईंनी कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा बाकी ठेवला होता. ही त्यांची पाचवी रजा. बंद पडलेल्या गिरणीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी चार वर्षांची हजेरीपुस्तकं पालथी घातली होती. नाक धुळीनं चोंदलं होतं. बसमध्ये बिनतिकिटाचा माणूस त्यांच्या नजरेतून कधी सुटला नव्हता आणि इथे सख्खा आजोबा सापडेना.

"नव्हताच, तर मग चौदा महिने हवेत काम करत होता का?"

"ते मी कसं सांगणार, मॅडम? पुस्तकात नाही म्हणजे नाही."

मागच्या बाकावर बाबा बसले होते. वय चौऱ्याऐंशी. येऊ नका म्हटलं तरी आलेच. हा सगळा खटाटोप त्यांच्याच हट्टापायी. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात ऑपरेशनची तारीख दिली आणि बाबा अडून बसले. आधी माझ्या बापाची कुठल्या गावी बदली झाली ते शोध, मग काय कापायचं ते कापा. त्या गावाला जायचं होतं असंही नाही. नाव तेवढं हवं होतं, शिव्या नेमक्या पत्त्यावर पोचाव्यात म्हणून.

"दुसरा संसार थाटला असणार तिकडे," बाबा म्हणाले. "गाडीला दोन चाकं आणून दिली. उरलेली दोन घेऊन येतो म्हणाला. आला का? नाही आला."

हे गाडीपुराण बाईंना तोंडपाठ होतं. बाबा तेव्हा पाच वर्षांचे. खोक्याची गाडी, आणि चाकं म्हणून गिरणीतल्या, सूत गुंडाळायच्या रिकाम्या लाकडी बॉबिन. दोन लागल्या, दोन राहिल्या. त्यावरून एकोणऐंशी वर्षं हा माणूस रुसलेला. घरात आजोबांचा फोटो लावायचा नाही, विषय काढायचा नाही. काढलाच तर पुन्हा ती गाडी. बाईंना त्या गाडीचा अगदी वीट आला होता.

त्यांनी पर्समधून चिठ्ठी काढली. घड्यांवर विरलेली, प्लॅस्टिकमध्ये जपलेली. त्या वेळी गिरणीतून आजीला गावी आली होती. तीत एवढंच होतं: 'नं. २१२ बदली गेला. सामान घेऊन जावे.'

आजीला वाचता येत नव्हतं. शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवली आणि अर्थही सांगून मोकळे झाले. बदलीवर गेलाय, तुम्ही सामानसुमान घेऊन तिकडे जा म्हणतायत, फक्त गावाचं नाव लिहायचं राहिलंय. आजीनं ट्रंक भरली. मास्तरांकडूनच गिरणीला दोन पत्रं धाडली, नवऱ्याचं नाव घालून. दोन्हींना उत्तर एकच आलं, या नावाचा इसम आमच्याकडे नाही. ट्रंक भरलेलीच राहिली. आजी गेल्यावर उघडली, तर घडीच्या लुगड्यांना कसर लागली होती.

"दोनशे बारा नंबर भलत्याच माणसाचा आहे," कारकुनानं पुस्तकावर बोट ठेवलं. "तो पुढे वीस वर्षं इथेच होता. बदलीबिदली काही नाही."

"हे मघाशी सांगितलंत तुम्ही."

"मग परत का विचारता?"

बाईंच्या ओठांवर चांगलं खरमरीत उत्तर आलं होतं. तेवढ्यात पंख्याखाली पेपर वाचत बसलेले म्हातारे गृहस्थ उठून आले. इथले जुने मुकादम. गिरणी बंद झाली तरी रोज येऊन बसायचे.

"द्या बघू ताई, ती चिठ्ठी."

त्यांनी ती दोनदा वाचली. मग चष्मा काढून हातात धरला.

"ही बदली म्हणजे ती बदली नव्हे," ते म्हणाले. "कायमचा माणूस रजेवर गेला की त्याच्या जागी दुसऱ्याला उभं करायचे. त्या माणसाला आम्ही बदली म्हणायचो. त्याला स्वतःचा नंबर नसायचा, पुस्तकात नाव नसायचं. तुमचे आजोबा दोनशे बाराचे बदली होते."

"ते असू दे," बाबा मागून करवादले. "कुठल्या गावी गेला ते सांगा."

मुकादम त्यांच्याकडे वळले. "अहो, गावी नाही. गेले म्हणजे वारले."



"आणि सामान?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज उतरला होता.

"त्यांचं सामान. ते येऊन घेऊन जा, असं कळवलंय." मुकादमांनी चिठ्ठीवरची तारीख पाहिली आणि कारकुनाला म्हणाले, "ते खालच्या फळीवरचं जाड पुस्तक काढ. मागे राहिलेल्या सामानाचं."

कारकून पहिल्यांदाच कुरकुर न करता उठला. पुस्तक त्यानं स्वतः पुसलं, पान काढलं आणि बाईंसमोर सरकवलं. बाईंनी मनातल्या मनात वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

"मोठ्यानं वाच," बाबा म्हणाले.

"बाबा, घरी जाऊन सांगते."

"मोठ्यानं वाच म्हणतो ना."

बाईंनी वाचलं, थांबे सांगतात तसं, एकेक शब्द सुटा करून.

"नं. २१२ बदली. तापाने मयत. सदरा एक, डबा एक, रिकाम्या बॉबिन दोन. घरी चिठ्ठी धाडली. वर्षभर वाट पाहिली. कोणी आले नाही."