विमान सलूनची खुर्ची

कोपरगावात भिमाजीच्या 'विमान सलून'मध्ये दाढीला बसल्या बसल्या तुषारनं खुर्चीखालचा कोरलेला नंबर चाचपला आणि त्याच्या मनात लाडू फुटले. जुन्या लढाऊ विमानातली वैमानिकाची सीट. विमानांच्या जुन्या भागांच्या त्याच्या संग्रहात नेमकी हीच नव्हती. भाव पाडायला तो चारचौघांत खेकसला, "विमान कसलं? एसटीची सीट आहे ही. गावाला फसवतोस होय रे?"

गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. भिमाजी खाली मान घालून वस्तरा पुसत राहिला.

आठवड्यानं तुषार परत आला. पाटीवरच्या विमानाला चुना फासलेला होता आणि खुर्चीच्या जागी प्लास्टिकचं स्टूल होतं.

"लोकं तोंडावर हसाय लागली. काल कटरनं तुकडे करून भंगारात घातली," भिमाजी म्हणाला. मग त्याची नजर रस्त्यावर गेली.



"एसटीच्या सीटसाठी टेम्पो आणलाय व्हय?"