आठ दिवस, एक माणूस

बाईंनी वही मिटली, पुन्हा उघडली आणि तेच पान दुसऱ्यांदा वाचलं. समोर बारा मुलं माना खाली घालून लिहीत होती. निदान तसं दाखवत तरी होती.

वाचनालयाच्या माडीवर बाईंचा सुट्टीतला लेखनवर्ग चालायचा. सहावी ते आठवीची मुलं. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी उन्हाळा आला की बाईंना घरात करमत नसे. मुलगा परगावी, तो रविवारी फोन करणार. बाकीचे दिवस काय भिंतींशी बोलायचं? त्यापेक्षा ही वानरसेना बरी.

पहिला धडा दरवर्षी एकच असायचा. आठ दिवस एकाच माणसाकडे नीट बघायचं, त्याला पत्ता लागू द्यायचा नाही आणि नाव न घालता लिहायचं. हेरगिरी म्हटली की मुलांना चेव येतो. कुणी वॉचमनवर लिहिलं, कुणी मोठ्या भावावर. एका पठ्ठ्यानं तर शेजारच्या काकांच्या घोरण्यावर चार पानं खरडली होती.

मुंगीची वही मात्र वेगळी होती. मुंगी म्हणजे सहावीतली मूठभर पोर. सतत काही ना काही करत असायची, म्हणून हे नाव पडलेलं. तिनं लिहिलं होतं:

“ही व्यक्ती खूप हुशार आहे. पण सोमवारी तिनं पाणी न घालताच चहाचं भांडं तापत ठेवलं. जळका वास आला म्हणून मी पळत जाऊन बंद केलं. मंगळवारी तिनं एकच गोष्ट दोनदा सांगितली. मी दोन्ही वेळा हसले. गुरुवारी ती रस्त्यात उभी राहिली. कुठे वळायचं ते तिला आठवेना. मी म्हटलं, मलाही तिकडेच जायचंय. मला तिकडे जायचं नव्हतं. मी हे तिला सांगणार नाही. ती घाबरेल.”

बाईंनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. अकरा वर्षांच्या पोरीनं हे निस्तरायचं? उद्या आग लागली, म्हातारी गाडीखाली आली, तर? आणि पोरही तिच्याबरोबर असली तर? पानाच्या तळाशी त्यांचाच लाल शेरा होता: ‘आईला बोलावणे.’ म्हणजे काल वाचतानाच ठरवलं होतं तर.

आता त्यांना सगळं उमगलं. वर्ग सुटला की बाकीचे भुर्रकन उडून जातात. ही मात्र फळा पुसते, बाक सरळ करते आणि त्यांच्याबरोबरच जिना उतरते. घरी जायला नको वाटत असेल बिचारीला.

“मुंगे, आईला उद्या भेटायला सांग हं.”

“सांगते, बाई.”

“कशाला, ते नाही विचारलंस?”

“सांगते,” मुंगी पुन्हा म्हणाली आणि पेन्सिलीला टोक करू लागली.

पोरीचा चेहरा बघवेना. मग बाईंनी आपला ठेवणीतला किस्सा काढला. शाळा तपासायला आलेले साहेब आणि फळ्यामागची पाल. पाल साहेबांच्या डोक्यावर पडायच्या आतच वर्ग खदखदून हसला. मुलं मोठी गुणी होती यंदाची.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मुंगीची आई आली. ती बस चालवायची. दोन फेऱ्यांच्या मधून वीस मिनिटं काढून गणवेशातच आली होती. भिंतीशी तीन खुर्च्या होत्या. त्यातली न डुगडुगणारी तेवढी तिनं ओढून घेतली. ग्रंथपाल खालून चहा घेऊन आले. वर्गातली किटली त्यांनी मागेच खाली नेली होती. विजेचं बिल फार येतं म्हणे! कवडीचुंबक मेला, बाई मनात म्हणाल्या.

“घरी कोण कोण असतं तुमच्या?” त्यांनी विचारलं.

“आम्ही दोघीच, बाई. ती आणि मी.” पाठ केलेलं सांगावं तसं तिनं सांगितलं.

“हे बघा, लाजायचं काही कारण नाही. म्हातारपण कुणाला चुकलंय? आजी असेल, मावशी असेल. पण असं माणूस लेकराच्या गळ्यात टाकून जाणं बरं नाही.”

आईनं चहावर फुंकर घातली. “ती आपणहून करते. मी एकदा नको म्हटलं, तर रडून घर डोक्यावर घेतलं. फार जीव आहे तिचा त्यांच्यावर.”

“जीव आहे म्हणून स्वतःचा जीव धोक्यात घालायचा?” बाईंचा आवाज चढला. “पस्तीस वर्षं मुलं सांभाळली मी. एकालाही खरचटू दिलं नाही. डॉक्टरला तुम्ही दाखवणार नसाल, तर मी घेऊन जाते त्यांना. आजच!”

दारात मुंगी दप्तर पोटाशी धरून उभी होती. आईनं तिला खाली जायची खूण केली. ती गेली नाही.

“दाखवायला हवंच,” आई शेवटी म्हणाली. “म्हणून मी त्यांच्या मुलाला फोन केला. उद्या सकाळी पोचतोय तो.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. आहे म्हणायचं कुणीतरी! आणि मग त्यांना रागच आला. एवढी साधी गोष्ट, ती सांगायला हिला बोलावून घ्यावं लागतं?

“येऊ दे. चांगली कानउघाडणी करते त्याची. आईची ही दशा आणि हा फिरकतसुद्धा नाही! आणि काय हो, हे मला आधी का नाही सांगितलंत?”

आईनं कप खाली ठेवला आणि बाईंचा हात हातात घेतला.

“सोमवारी सांगितलं होतं, बाई. परवाही सांगितलं,” ती म्हणाली. “तुमचाच मुलगा येतोय.”